सतरा वर्षे अकरा महिने

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाखाली कधीकधी ‘अ.पा.क. आई’ असा शेरा दिसतो. त्याचे पूर्ण रूप ‘अज्ञान पालनकर्ता’. जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला अजून अठरा पूर्ण झालेली नाहीत आणि कागदोपत्री त्याच्या वतीने आई उभी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला तो ‘अज्ञान’ आणि अठरा पूर्ण केलेला तो ‘सज्ञान’. अकरावीच्या वर्गात पहिली आलेली मुलगीही तलाठ्याच्या दप्तरी अज्ञानच. शब्द झोंबणारा आहे. पण त्याचा हुशारीशी काही संबंध नाही, संबंध आहे तो जबाबदारी कोणी उचलायची याच्याशी.

सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाचे उदाहरण घेतले तर कोडे लगेच समोर येते. बँकेतले बचत खाते तो स्वतःच्या सहीने चालवू शकतो, पण मोबाइल हप्त्यावर घेण्याच्या करारावरची त्याची सही कवडीमोलाची. दुकानात तो पगारी नोकरी करू शकतो, पण फटाक्यांच्या कारखान्यात नाही. वडिलांची मोटारसायकल घेऊन गेला तर खटला वडिलांवर होतो. मात्र हातून खुनासारखा गुन्हा घडला तर त्याच्यावरच प्रौढाप्रमाणे खटला चालण्याची शक्यता असते. मुलगा एकच, वय एकच, उत्तरे मात्र चार.

ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात, कारण कायदा वयाकडे पाहताना दर वेळी वेगळा प्रश्न विचारत असतो. करारात प्रश्न असतो या मुलाला कोणी फसवेल का, रस्त्यावर प्रश्न असतो हा दुसऱ्याचा जीव घेईल का, आणि गुन्ह्याच्या बाबतीत प्रश्न असतो हा सुधारेल का. खोंडाला पहिल्यांदा जुवाला लावताना शेतकरी त्याच्या जोडीला मुरलेला बैल जुंपतो. नांगर तेवढाच जड असतो, पण सुरुवातीला ओढ बहुतेक जुन्याच्या खांद्यावर पडते. अज्ञान मुलाला कायदा जी सूट देतो तिचे असेच आहे. मुलाच्या खांद्यावरून उतरलेले वजन हवेत विरत नाही, ते बहुतेक वेळा पालकाच्या खांद्यावर जाते.

वय कोणते धरायचे?

भारतात सज्ञानतेचे वय १८७५च्या कायद्याने ठरते. कोर्टाने पालक नेमलेला असेल तर पूर्वी मूल एकविसाव्या वर्षी सज्ञान होत असे. १९९९च्या दुरुस्तीने ते काढून सर्वांना अठरा केले. मोजणीचा नियमही त्याच कायद्यात आहे. जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरायचा आणि अठरावा वाढदिवस उजाडताच माणूस सज्ञान समजायचा. रात्री साडेअकराला जन्मलेल्याला साडेअकरापर्यंत थांबावे लागत नाही. आदल्या मध्यरात्रीच्या ठोक्यालाच तो सज्ञान होतो.

खरी अडचण जन्मतारखेचीच असते. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेल्या माणसांची संख्या थक्क करणारी आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत, आईबापांना तारीख आठवत नसे, आणि गुरुजी प्रवेश देता यावा म्हणून सोयीची तारीख लिहून टाकत. गुरुजींच्या त्या टाकाला पुढे कोर्टातही किंमत येते. मूल गुन्ह्यात सापडले आणि वयाचा वाद निघाला, तर २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे पहिला मान शाळेकडील जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला असतो. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. ती वय अंदाजानेच सांगते, म्हणून ती सर्वांत शेवटी. जन्मनोंदणीकडे आणि शाळेतल्या नोंदीकडे वेळीच लक्ष देणे हे पालकांचे पहिले, आणि फार थोड्यांना जाणवणारे, कायदेशीर काम आहे.

सही का चालत नाही?

१८९५ साली कोलकात्यात धर्मोदास घोष नावाच्या एका अज्ञान तरुणाने आपली मालमत्ता एका सावकाराकडे २०,००० रुपयांना गहाण टाकली. मुलगा अज्ञान आहे, असे त्याच्या आईने सावकाराच्या माणसाला आधीच वकिलामार्फत कळवले होते. तरी गहाणखत झाले. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९०३मध्ये निकाल लागला: अज्ञानाने केलेला करार मुळापासूनच रद्द असतो. पुढे मोडता येतो असे नव्हे. तो कधी झालेलाच नसतो. सावकाराला त्याने दिलेली रक्कमही परत मिळाली नाही. सावकाराच्या बाजूच्या पक्षकाराच्या नावावरून हा निकाल ‘मोहरीबीबी खटला’ म्हणून आजही विधी महाविद्यालयांत पहिल्या वर्षी शिकवला जातो.

याचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतात. सोळा वर्षांच्या मुलीने जिमच्या वर्षभराच्या वर्गणीच्या कागदावर सही केली तर ते पैसे तिच्याकडून कोर्टामार्फत वसूल होऊ शकत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर तिने ‘तो करार मला मान्य आहे’ असे लिहून दिले तरी जुना करार जिवंत होत नाही. जन्मलेच नाही त्याला जिवंत कसे करणार? नवा करार नव्याने करावा लागतो. आणि मुलाने केलेल्या कराराचे पैसे केवळ आईबाप म्हणून पालकांकडूनही मागता येत नाहीत. पालकांनी स्वतः सही केली असेल, किंवा त्यांच्या सांगण्यावरून मुलाने व्यवहार केला असेल, तरच ते बांधले जातात. म्हणूनच शिकवणीवर्ग, वसतिगृह, कर्ज देणारी बँक, सगळे पालकाची सही आग्रहाने घेतात.

या ढालीला दोन अपवाद आहेत. अन्न, कपडे, औषधपाणी, शिक्षण अशा त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशा गरजेच्या गोष्टी कोणी पुरवल्या, तर त्यांची किंमत मुलाच्या मालमत्तेतून मागता येते; मात्र मालमत्तेतूनच, त्याच्या अंगावर ते कर्ज बसत नाही. दुसरे म्हणजे, कायद्याचा रोख मुलाला नुकसानीपासून वाचवण्यावर आहे, फायद्यापासून वंचित ठेवण्यावर नाही. त्यामुळे अज्ञान मुलाला बक्षीसपत्राने घर मिळू शकते, आणि भागीदारीच्या धंद्यात इतर भागीदारांच्या संमतीने फक्त नफ्यापुरते त्याला घेता येते. बँक खात्याचेही तसेच. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडू आणि चालवू द्यावे, मर्यादा बँकेने ठरवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अट एकच: खात्यात नेहमी शिल्लक हवी, उचल नाही. मूल पैसे ठेवू शकते, देणेकरी होऊ शकत नाही.

जमिनीच्या बाबतीत कायदा पालकांकडेही संशयाने पाहतो, आणि ते रास्तच आहे. हिंदू अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावावरची स्थावर मालमत्ता आईवडिलांनासुद्धा जिल्हा न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. कोर्ट एकच विचारते: विक्रीत मुलाचे हित काय? ऑपरेशनचा खर्च, शिक्षणाची फी अशी उत्तरे चालतात. वडिलांची उधारी फेडायची आहे हे चालत नाही. परवानगी न घेता विक्री झाली, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत मूल ती रद्द करून मागू शकते. अ.पा.क. शेरा दिसला की जाणता खरेदीदार आधी कोर्टाचा हुकूम मागतो तो याच भीतीने. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त जमिनीतील मुलाच्या हिश्श्याला मात्र ही परवानगी लागत नाही. तेथे कर्त्याला कुटुंबाच्या गरजेसाठी विक्री करता येते. सर्वाधिक भांडणे याच सीमारेषेवर होतात.

पालक म्हणजे कोण?

१९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असा क्रम दिला आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी ऐंशीच्या दशकात मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून सही त्यांचीच असेल, असे पतीपत्नीने मिळून ठरवले होते. बँकेने वडिलांची सही मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ ‘मृत्यूनंतर’ असा नसून ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला. वडील दूर असतील, लक्ष देत नसतील किंवा दोघांनी तसे ठरवले असेल, तर आई हयात वडिलांच्या जागी पालक असते. कायद्याचे शब्द मात्र संसदेने आजवर बदललेले नाहीत. काही कार्यालयांत अजूनही ‘वडिलांना घेऊन या’ असे ऐकू येते, त्याचे मूळ तिथे आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना त्यांचे वैयक्तिक कायदे आणि १८९०चा पालक व पाल्य कायदा लागू होतो.

पालकत्व आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटस्फोटानंतर मूल आईकडे राहते तेव्हा ताबा आईकडे असतो; वडिलांचे पालकत्व त्यामुळे संपत नाही आणि खर्चाची जबाबदारी तर मुळीच संपत नाही. पाच वर्षांच्या आतले मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. पुढे कोर्ट मुलाचे हित पाहते, आणि मूल समजण्याइतके मोठे असेल तर त्याची इच्छा विचारात घेते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर ठेवून, भेटतात ते यासाठीच. त्याची इच्छा हा हुकूम नसतो, पण ती सहजी डावलली जात नाही.

पालकांची कर्तव्ये अनेक कायद्यांत विखुरलेली आहेत. अज्ञान मुलाचा सांभाळ, मग ते विवाहसंबंधातून जन्मलेले असो वा नसो, हे पहिले. टाळाटाळ झाली तर मुलाच्या वतीने पोटगी मागता येते. सहा ते चौदा वयात शिक्षणाची संधी देणे हे २००२च्या घटनादुरुस्तीपासून आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य आहे. गंमत अशी की मोफत शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी, आठवीच्या आसपास, संपतो आणि गळती नेमकी तिथूनच वाढते.

आणि मारणे? शाळेत मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींवर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरातल्या चापटीवर थेट बंदी घालणारे कलम भारतात नाही. पण ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला मारझोड केली, उपाशी ठेवले, टाकून दिले किंवा दुर्लक्षाने त्रासात लोटले, तर बाल न्याय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ‘माझेच मूल आहे’ हा त्यावर बचाव नाही. अशा मुलाने स्वतः १०९८ या क्रमांकावर फोन केला तरी यंत्रणा हलते.

गाडीची किल्ली

जबाबदारी मुलाकडून पालकाकडे सर्वांत उघडपणे सरकते ती वाहनांच्या बाबतीत. १ सप्टेंबर २०१९पासून मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम लागू झाले. अज्ञान मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

या कलमातली खरी मेख पुराव्याच्या ओझ्यात आहे. एरवी फौजदारी खटल्यात आरोपीचा दोष सरकारला सिद्ध करावा लागतो. इथे मात्र मुलाने गाडी नेली ती पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच, असे न्यायालय गृहीत धरून चालते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकानेच दाखवायचे. दारामागच्या खिळ्याला किल्ली टांगलेली असते आणि मुलगा रोज शिकवणीला तीच स्कूटर नेतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलेले असते. अशा घरात ‘मला कल्पना नव्हती’ हे कोर्टात टिकणे अवघड. अपघातातील भरपाईची गोष्ट आणखी वेगळी. लायसन्स नसलेल्याने गाडी चालवली असेल, तर विमा कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असे हुकूम अनेक प्रकरणांत झाले आहेत. दंड पंचवीस हजारांचा, वसुली कित्येक लाखांची.

सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या लायसन्सविषयी बराच गोंधळ आहे. ते पालकाच्या लेखी संमतीने मिळते, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी. अशा गाड्या बाजारात आता जवळपास उरलेल्याच नाहीत. कॉलेजच्या आवारात दिसणाऱ्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्या लायसन्सवर त्या चालवणे म्हणजे लायसन्स नसल्यासारखेच. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या विजेच्या दुचाकी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नसल्याने त्यांना लायसन्स लागत नाही. दुकानदाराने ‘लायसन्स नको’ म्हटले तरी हे दोन आकडे कागदावर पाहून घेतलेले बरे.

> चौकट : वयाच्या पायऱ्या
> ७ – याखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही.
> १० – बचत खाते स्वतः चालवता येते.
> १२ – सात ते बारा वयात मुलाला परिणामांची समज नव्हती असे दिसले तर गुन्हा नाही. बारानंतर हा बचाव संपतो.
> १४ – धोकादायक नसलेले पगारी काम करता येते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क इथपर्यंत.
> १६ – ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचे लायसन्स; अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटल्याची शक्यता.
> १८ – करार, मतदान, मृत्युपत्र, मोटारीचे लायसन्स; मुलीच्या विवाहाचे वय.
> २१ – मुलाच्या विवाहाचे वय, ग्रामपंचायतीची निवडणूक.
> २५ – विधानसभा व लोकसभेची उमेदवारी. महाराष्ट्रात दारू पिण्याच्या परवान्याचे वय (सौम्य बिअरला २१).

गुन्हा घडला तर

पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा जडजंबाल शब्द असतो. कायद्याशी संघर्षात आलेले मूल, एवढाच त्याचा अर्थ. ‘आरोपी’ हा शब्द टाळण्यासाठी तो मुद्दाम घडवला आहे. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. पालकांना तत्काळ कळवून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक स्त्री. मुलाचे नाव, शाळा, फोटो छापणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो फिरवणाऱ्या काकांनाही तो लागू होतो.

गुन्ह्यांची तीन गटांत वाटणी केली आहे: किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर. अतिगंभीर म्हणजे ज्याला कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली आहे तो. वाटणीचा आधार ‘किमान’ या शब्दावर आहे, हे महत्त्वाचे. ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा मोठी पण किमान काहीच लिहिलेली नाही, तो कितीही भयंकर वाटला तरी अतिगंभीर ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले आणि २०२१च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. मूल सोळा ते अठरा वयाचे असेल आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तरच मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती तपासून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथे प्रौढाप्रमाणे खटला चालला तरी फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. बाकी सर्व मुलांसाठी ताकीद, समुपदेशन, समाजसेवा, दंड, आणि सर्वांत कडक म्हणजे तीन वर्षांपर्यंत विशेषगृह. दंड भरण्याचा आदेश पालकांनाही होऊ शकतो.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. काही तासांत मुलाला जामीन मिळाला आणि अटींमध्ये रस्ते सुरक्षेवर तीनशे शब्दांचा निबंध होता. संताप उसळला, तो स्वाभाविकच होता. पण कायद्याची रचना समजून घेतली तर जामीन तितका अनाकलनीय राहत नाही. प्रौढांच्या बाबतीत गुन्ह्याचे गांभीर्य जामीन नाकारायला पुरते. मुलाच्या बाबतीत जामीन हा नियम आहे. सुटल्यावर ते गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असे दिसले तरच तो नाकारता येतो. निबंधाची अट या गांभीर्यापुढे पोरकट होती, यात वाद नाही. पुढे जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलाची निरीक्षणगृहातून सुटका केली, आणि २०२५मध्ये मंडळाने त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची मागणी फेटाळली. ‘किमान सात वर्षे’ हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. याउलट कायद्याचा बडगा घरातल्या मोठ्यांवर पडला. अज्ञान मुलाच्या हाती गाडी दिल्याचा ठपका वडिलांवर आला, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पालक व डॉक्टर अटकेत गेले.

मंडळाने दोषी ठरवले तरी ते मुलाच्या पुढच्या नोकरीच्या आड येत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी धरलेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा.

प्रेम, संमती आणि लग्न

या विषयावर महाराष्ट्रात जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच कडाक्याचे भांडण झाले आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले होते. मोठी झाल्यावर त्यांनी सासरी जायला नकार दिला. नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७मध्ये निकाल लागला: नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. आपण तुरुंग पत्करू, असे त्यांनी सांगितले. अखेर १८८८मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर १८९१चा संमतिवयाचा कायदा आला. त्याने वय दहावरून बारा केले, एवढेच. तरी टिळकांनी विरोध केला आणि आगरकरांनी बाजू घेतली. विसाव्या शतकात ते सोळावर आले, आणि २०१२च्या पोक्सो कायद्याने अठरावर.

पोक्सोचा अर्थ असा की अठराच्या आतल्या मुलाची किंवा मुलीची शारीरिक संबंधाला दिलेली संमती कायद्याला दिसतच नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा यांच्यात जबरदस्ती नसली तरी मुलगा आरोपी होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर पत्नी अठराच्या आतली असेल तर विवाहाचाही बचाव उरला नाही. या कायद्याने असंख्य मुलांना अत्याचारापासून संरक्षण दिले आहे. पण बरोबरीच्या वयातले प्रेमप्रकरण आणि नराधमाचे कृत्य यांना तो एकाच फूटपट्टीने मोजतो, आणि हा दोष अनेक न्यायाधीशांनीही बोलून दाखवला आहे. मोबाइलवर अशा वयातल्या मुलीचा नग्न फोटो साठवणे, पुढे पाठवणे हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, पाठवणारा वर्गमित्रच असला तरी.

मोठ्यांवर इथे एक वेगळे कर्तव्य येते. असा गुन्हा घडल्याचे कळल्यावर कळवले नाही, तर आई, शिक्षक, डॉक्टर कोणीही असो, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘घरातली गोष्ट घरात’ हे कायद्याने गुन्हा ठरवले आहे. मुलांवर मात्र कळवण्याची सक्ती नाही. गर्भपातासाठी अठराच्या आतल्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते. पोलिसांना कळवावे लागेल या धास्तीने मुली डॉक्टरकडेच जात नाहीत, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये एक वाट काढली: मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

मुलगी निघून गेली की पालक अपहरणाची तक्रार देतात. अठराच्या आतले मूल पालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय नेणे किंवा फूस लावणे हे अपहरणच. मुलीची संमती असली तरी. मात्र जवळपास सज्ञान झालेली मुलगी स्वतःहून घर सोडून आली आणि मुलाने केवळ सोबत केली, तर त्याला ‘नेणे’ म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातील वरदराजन खटल्यात म्हटले होते. वकील आजही त्याचा आधार घेतात.

विवाहासाठी २००६चा कायदा मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षांची अट घालतो. बालविवाह घडवणारे पालक, लावणारे भटजी, आणि हजर राहणारे वऱ्हाडीसुद्धा दोन वर्षे कैद आणि एक लाख रुपये दंडाला पात्र ठरू शकतात. महाराष्ट्रातील गावांत ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यामुळे तक्रारीसाठी तालुक्याला जावे लागत नाही. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. झालेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलीला असतो, आणि तो वयाच्या विशीपर्यंतच. पळवून नेऊन किंवा विकून लावलेले लग्न मात्र मुळातच शून्य.

काम, तंबाखू आणि फोन

२०१६च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत आणि अभिनयासारखी कामे एवढीच सवलत. चौदा ते अठरा वयात खाणी, स्फोटके व ज्वलनशील पदार्थ आणि घातक प्रक्रिया सोडून काम चालते. शिक्षा प्रामुख्याने मालकाला होते. पालकाला पहिल्या वेळी शिक्षा नाही, पुन्हा सापडल्यास दहा हजारांपर्यंत दंड.

अज्ञान मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ‘जा रे, कोपऱ्यावरून सिगारेट आण’ म्हणून मुलाला पिटाळणाऱ्याने लक्षात ठेवावे की त्याला ती विकणे हाही टपरीवाल्याचा गुन्हा आहे. फोनच्या बाबतीत २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वयाची रेघ अठरावरच ओढली आहे: मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकाची पडताळलेली संमती घ्यायची, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत.

अठरावा वाढदिवस

त्या मध्यरात्री काही गोष्टी आपोआप बदलतात आणि काहींसाठी अर्ज करावा लागतो. मतदार यादीसाठी सतरा पूर्ण झाल्यावरच आगाऊ अर्ज करता येतो. बँक नवी सही मागते. पोटगीचा मुलाचा हक्क साधारणपणे संपतो. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी अविवाहित मुलगी हिंदू कायद्याखाली तो पुढेही मागू शकते, आणि अपंगत्वामुळे असमर्थ असलेले मूलही. उलट दिशेची जबाबदारी त्याच दिवसापासून शक्य होते. २००७च्या कायद्याप्रमाणे निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना सज्ञान अपत्याकडून खर्च मागता येतो, आणि त्यासाठी ते साठीचे असण्याची अट नाही.

सातबाऱ्यावरचा शेरा मात्र आपोआप जात नाही. जन्मतारखेच्या पुराव्यासह तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार नोंद होते, हरकतींची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि ‘अ.पा.क.’ची ओळ उताऱ्यावरून उतरते. अर्ज राहून गेला तर ती तशीच राहते. पीककर्जासाठी उतारा काढायला गेलेल्या चाळिशीच्या शेतकऱ्याला आपण अजून अज्ञान असल्याचे कळते ते बहुधा अशा वेळी.